चित्रकलेच्या तीन तासिका

बेहडाटोला,
१४ जुलै २०२४

रहांगडाले मॅडम यांना नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, मेसेजवर एकच टिक दिसते, म्हणून हे पत्र. बालाघाटचा पत्ता ऑफिसातल्या जुन्या अर्जावरून घेतला. काम शाळेचं आहे, तेवढं वाचून घ्यावं.

चित्रकलेच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे राहिली आहे. मुलांचे ड्रॉइंग बोर्ड, रंग आणि मागच्या वर्षीच्या चित्रांची फाइल आतच आहे. कपाट फोडू नका असं मीच शिपायाला सांगितलं. घाई यासाठी की आठवीच्या नऊ जणांना एलिमेंटरीच्या परीक्षेला बसायचं आहे. सातवीत असतानाच तुम्ही त्यांना शब्द दिला होता म्हणे. फॉर्म ऑगस्टमध्ये भरायचे आहेत. मंगली मडावी रोज दारात उभी राहते आणि विचारते, "मॅडम, आमची परीक्षा होऊन राहिली का नाही?" मी तिला बघू म्हणते.

एप्रिलमध्ये तुमची नेमणूक पुढे चालू राहिली नाही, त्याचं वाईट वाटलं. निर्णय मुख्याध्यापकांचा होता. चित्रकलेची आठवड्यात एकच तासिका उरली तर तिच्यासाठी अंशकालीन निदेशक मागता येत नाही, असं कटरे सरांचं म्हणणं पडलं. त्यांच्यावरही वरून दबाव होता. गणिताच्या तासिका सातच्या दहा झाल्या आहेत. मुलांची प्रगती चांगली आहे.

भाताची रोवणी चालू असल्यानं निम्मी मुलं शेतात, बांधीत आहेत. तुमच्याकडेही पाऊस बरा असेल.

किल्ली पोस्टानं पाठवावी ही विनंती.

चेतना मेश्राम
(विषय शिक्षक, गणित)


४ ऑगस्ट

खुशबू,

किल्ली मिळाली. पाकिटात दुसरा कागद असेल म्हणून मी ते उलटं करून झटकलं. काहीच नव्हतं. बरोबर केलंस.

मागच्या पत्रात दोन गोष्टी मी खोट्या लिहिल्या. त्या खोट्या ठेवून तुला पुन्हा पत्र लिहिता येणार नाही.

पहिली. निर्णय कटरे सरांचा नव्हता. मागच्या डिसेंबरात चाचणी झाली तेव्हा आपल्या सातवीच्या अडतीसपैकी चोवीस मुलांना तीन अंकी संख्येला एका अंकानं भागता आलं नाही. केंद्रप्रमुखांनी सगळ्या शिक्षकांसमोर मला उभं केलं आणि विचारलं, "मेश्राम मॅडम, वर्षभर करता काय?" तू माझ्या शेजारीच बसली होतीस. टेबलाखाली तू माझा हात धरलास. आणि त्याच संध्याकाळी मी सरांना माझ्या हातानं अर्ज लिहून दिला, की गणिताला आठवड्यात तीन तासिका वाढवून मिळाव्यात. सरांनी विचारलं, "कुठून काढू मॅडम? दिवस तं तेवढाच आहे." मी म्हटलं, चित्रकलेतून काढा. सर घुटमळले. तर मी म्हटलं, "सर, चित्रानं पोट भरत नाही."

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या डब्यातली भाजी खाल्ली. तू विचारत होतीस, माझ्या तासिका कोणी कापल्या, तुला काही कळलं का. मी म्हटलं, वरून आलं असेल. एप्रिलमध्ये सरांनी तुला तो अर्ज दाखवला असणार. नाहीतर तू निरोप न घेता गेली नसतीस.

मी का लिहिला, तेही सांगते. माफीसाठी सांगत नाही. माझे बाबा देवाजी मेश्राम, गोंदियाच्या राइस मिलमध्ये पोती उचलायचे. त्यांना आकडा वाचता येत नव्हता. मिलमधला मुकादम सांगेल तेवढी पोती त्यांनी उचलली असं धरायचं. मी पाचवीत गेले आणि दर शनिवारी मिलच्या फाटकावर उभी राहून पोती मोजायला लागले. त्यानंतर मुकादमानं बाबांना खोटा आकडा सांगितला नाही. आमच्या वस्तीतली पहिली शिक्षिका मी, ती गणितामुळे. मला तारलं ते सगळ्यांना तारेल, असं मी धरून चालले. गणिताबद्दल मी आजही एक पाऊल मागे घेणार नाही, खुशबू. मंगलीला भागाकार आलाच पाहिजे.

आता दुसरं खोटं. प्रगती झाली नाही. डिसेंबर ते एप्रिल, आठवड्याला तीन तासिका जास्त. चोवीसपैकी बावीस जणांना तरीही येत नव्हतं. दोन मुलं पुढे सरकली, त्यातला एक तर दिवाळीपासून मामाकडे शिकवणीला जात होता.

परवा गुरुवारी दुपारी सलग तीन तासिका गणित होतं. मंगलीचं उत्तर बरोबर आलं, पण रीत कुठेच नव्हती. मी विचारलं, "उत्तर कुठून आलं?"

"दिव्याच्या वहीतून."

लपवलं नाही तिनं. मी विचारलं, "का गं?"

"पहिल्या तासाले समजलं नाही मॅडम. दुसऱ्या तासाले तुम्ही तेच सांगितलं. तिसऱ्या तासालेबी तेच सांगून राहिल्या. न समजलेलं तीनदा आयकून का करू?"

वर्ग हसला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण तिनं सगळ्यांचंच सांगितलं होतं. घंटा होईपर्यंत मी खुर्चीवर बसून राहिले.

नऊ जणांचे फॉर्म भरले. फॉर्मवर चित्रकला शिक्षकाचं नाव विचारतात. मी तुझं लिहिलं. सरांनी पाहिलं आणि सही केली.

चेतना


२५ ऑगस्ट

खुशबू,

तुझं उत्तर नाही, तरी लिहिते. काल शाळा व्यवस्थापन समितीची सभा झाली. रोवणी आटोपल्यानं या वेळी माणसं आली होती. दोन्ही सतरंज्या भरल्या.

मी उभी राहून म्हटलं, गणिताच्या दहापैकी दोन तासिका चित्रकलेला परत द्या. कटरे सरांनी चष्मा काढला. "मॅडम, तुम्हीच मागितल्या होत्या ना? तुमचा अर्ज माझ्या फायलीत आहे." सगळ्यांसमोर. मी म्हटलं, हो सर, मीच मागितल्या होत्या. माझं चुकलं.

अध्यक्ष खेमराजभाऊ पटले विरोधात होते. त्यांचा मुलगा शिष्यवृत्तीची तयारी करतो. ते म्हणाले, "पोराईले नोकरी लागली पायजे. तलाठी असो का पोलीस भरती, पेपरात गणितच येते. रंग मारून का होते?" दोनचार जणांनी माना हलवल्या. त्यांचं चुकीचं होतं असं मला म्हणता येईना. आठ महिन्यांपूर्वी मी हेच बोलले होते.

मग मी तयारी करून आणलेलं बोलायला लागले. चित्रकलेनं एकाग्रता वाढते, भूमिती सुधारते, गणिताचे गुण वाढतात. तेवढ्यात मागून मंगलीचे वडील उठले. बाबूलाल मडावी नागझिऱ्यात गाइड आहेत, तुला माहीत आहे. गेटवरून थेट आले होते, खाकी शर्टातच.

"मॅडम, थांबा जी," ते म्हणाले. "गणित सुधरते म्हणून चित्र काढाचं, असं सांगून राहिल्या तुम्ही. मंग उद्या गणित नाही सुधरलं, तं चित्र पुन्हा बंद कराल."

मी हातातला कागद घडी करून ठेवला.

"माही पोरगी चित्र काढते, कारण तिले काढता येते. मी पाहुण्याईले जंगल दाखवतो. तिनं काढलेला रानगवा माह्या जिप्सीत लावला आहे. पुण्या-मुंबईचे लोक विचारतात, कोणं काढला? मी सांगतो, माह्या मंगलीनं. तिले भागाकारबी पायजे, मी नाही कुठी म्हणतो? अडाणी माणसाले कसे फसवतात ते मले ठाऊक आहे. दोनी पायजे. एकच द्याचं असन तं शाळा कायले, घरीच आहे ना ते जंगल."

ते खाली बसले. खेमराजभाऊ म्हणाले, "सहामाहीपर्यंत पाहू."

असं ठरलं: गणित आठ, चित्रकला तीन, सहामाही परीक्षेपर्यंत. भागाकार न येणाऱ्यांना मी परिपाठाआधी अर्धा तास वेगळं बसवायचं. आणि चित्रकला शिकवणार कोण? निदेशक नाही. सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मॅडमनं मागितलं आहे, मॅडम शिकवतील."

मी हो म्हणून आले. खुशबू, मला सरळ घागर काढता येत नाही. परीक्षेला एक महिना आहे.

मुलांची चित्रं तुला पाठवू का? उत्तर देऊ नकोस, फक्त चित्रांवर पेन्सिलनं लिहून परत पाठव. उद्याच पाठवते. नको असतील तर तशीच परत कर.

चेतना


१५ सप्टेंबर

खुशबू,

पाकीट आलं. दहाच्या दहा चित्रांवर तुझं अक्षर. मुलांनी ते पाकीट माझ्या हातात राहूच दिलं नाही. ओमेशच्या केटलीला तू लिहिलंस, "दांडा छान, पण ही केटली हवेत उभी आहे, सावली दे." तो दोन दिवस शाळेतल्या प्रत्येक वस्तूची सावली शोधत फिरतो आहे. दिव्याच्या संकल्पचित्राला तू फक्त "वा" लिहिलंस. तिनं तो कागद आईला दाखवायला नेला आणि आईनं तो देव्हाऱ्याजवळ ठेवला, आता परत मिळत नाही.

दहाव्या चित्रावर नाव नव्हतं. त्यावर तू लिहिलंस, "हा विद्यार्थी रेघ ओढताना घाबरतो. एकच रेघ सात वेळा खोडली आहे. खोडरबर काढून घ्या."

तो विद्यार्थी मी आहे.

मी वर्गाला सांगून टाकलं. मंगली उठली, माझ्या टेबलावरचं खोडरबर उचललं आणि खिशात घातलं. "आता काढा," म्हणाली. मी घागर काढली. वाकडी आली. ती बाजूला उभी राहून म्हणाली, "गळा उजवीकडं गेला मॅडम. पण पहिलीपेक्षा चांगली आहे." मी फळ्यापाशी मुलांना गेली सात वर्षं जे म्हणते, अगदी तेच. फरक एवढाच की ती पुढे म्हणाली, "तुम्ही वस्तूकडे पाहूनच नाही राहिल्या. कागदाकडेच पाहून राहिल्या."

त्या वाक्यानं माझी झोप गेली म्हण. सकाळच्या अर्ध्या तासात मी बावीस मुलांना भागाकार शिकवते. आजवर मी फळ्याकडे बघून शिकवत होते. सोमवारपासून प्रत्येकाच्या शेजारी बसते आणि त्याचा हात कुठे अडतो तेवढंच बघते. कोणाचा पाढ्यात अडतो, कोणाचा हातच्यात. मंगलीला भागाकारात वर शून्य लिहायचं असतं हेच माहीत नव्हतं. तेवढंच. नऊ महिने तीन तासिका जास्त घेऊन मला जे दिसलं नाही, ते शेजारी बसल्यावर दहा मिनिटांत दिसलं. सात तासिका कमी नव्हत्या, खुशबू. मी सातांमध्ये नीट बघत नव्हते.

भूमितीच्या पेपरची काळजी करू नकोस. तो माझा प्रांत आहे. पंचकोन नऊही जणांचा बंद होतो.

चेतना


२९ सप्टेंबर

खुशबू,

परीक्षा झाली. बुधवार, गुरुवार, तिरोड्याला. काळीपिवळी जीप ठरवून गेलो. पुढे मी आणि ड्रायव्हर, मागे नऊ मुलं आणि नऊ बोर्ड. मोठ्या हायस्कुलातली मुलं टाय लावून आली होती, त्यांच्याकडे रंगांच्या मोठमोठ्या पेट्या. आपल्या मुलांनी रंग तिघांत एक असे वाटून घेतले होते, म्हणून त्यांना जवळजवळ बसवा अशी विनंती मी केली, पण नियमात बसत नव्हतं. मग दिव्यानं डब्यांच्या झाकणांत थोडा थोडा रंग काढून सगळ्यांना दिला.

मी बाहेर पालकांसोबत बाकावर बसले. माझ्या वर्गातली मुलं पेपरला बसली की मी वह्या तपासत बसते. यावेळी वह्या उघडल्याच नाहीत.

स्मरणचित्रात "काम करणारी माणसे" हा विषय होता. मंगली बाहेर आली तर मी विचारलं, काय काढलंस? मला वाटलं रोवणी काढली असेल, सगळ्यांनी तीच काढली होती. ती म्हणाली, "बाबा काढला. पाहुण्याईले वाघ दाखवून राहिला असा."

"आणि वाघ?"

"वाघ नाही काढला. पाहुण्याईचे तोंडं काढले."

चौदा वर्षांच्या पोरीला हे सुचतं, आणि मी तिची तासिका कापली होती.

तेवढ्यात त्या हायस्कूलचे चित्रकला शिक्षक बाहेर आले. पर्यवेक्षक होते. मुलांकडे बघून त्यांनी मला विचारलं, "यांना कोणी शिकवलं? हात मोकळा आहे सगळ्यांचा." मी म्हटलं, खुशबू रहांगडाले मॅडमनी. "कुठे असतात त्या?" बालाघाटला. "आपली शाळा का सोडली?"

नऊही मुलं ऐकत होती. मी म्हटलं, "माझ्यामुळे. त्यांच्या तासिका मी काढून घेतल्या."

ते गृहस्थ गडबडले आणि निघून गेले. गाडी परत निघाली. चोरखमाऱ्याच्या फाट्याजवळ मंगली मागून म्हणाली, "मंग आणा त्याईले वापस."

तिचा आवाज रागाचा नव्हता. उत्तर चुकलं तर पुन्हा सोडवा, असं मी सांगते ना, त्या आवाजात ती बोलली.

शुक्रवारी मी कटरे सरांना दुसरा अर्ज दिला. पुढच्या सत्रापासून चित्रकलेच्या पूर्ण चार तासिका आणि निदेशकाची मागणी. पहिला अर्ज माझा होता आणि तो चुकीचा होता, हेही लिहिलं. सर म्हणाले, सहामाहीचा निकाल येऊ द्या.

चेतना


२ फेब्रुवारी २०२५

खुशबू,

तू आलीस.

कटरे सरांनी तुला निमंत्रण पाठवलं ते मला माहीत होतं. येशील असं वाटलं नव्हतं. सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर सर माइकवर निकाल वाचत होते आणि तू फाटकाशी, कडुलिंबाखाली हिरव्या साडीत उभी होतीस. आधी तुला मुलांनीच पाहिलं. रांग मोडली. सर माइकवरून शांत राहा म्हणत होते आणि कोणी ऐकत नव्हतं.

तू माझ्याशी बोलली नाहीस. माझ्याजवळून गेलीस, थांबलीस, आणि पुढे गेलीस. ते मला कबूल आहे. पण मी जे पाहिलं ते तुला सांगायचं आहे, कारण तू मुलांच्या मध्ये होतीस, तुला ते दिसलं नसेल.

नऊपैकी नऊ पास. दिव्याला आणि ओमेशला अ श्रेणी, मंगलीला ब. मला वाटलं मंगली नाराज होईल. ती प्रमाणपत्र घेऊन थेट वडिलांकडे गेली आणि म्हणाली, "वस्तुचित्रात गेले मार्क. इंटरमिजिएटले भरून काढीन." बाबूलालभाऊंनी ते प्रमाणपत्र दोन्ही हातांत धरलं, आणि सगळ्या पालकांच्या रांगेतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. एकेकाला दाखवत गेले. खेमराजभाऊंपाशी आले तेव्हा खेमराजभाऊ उभे राहिले.

सहामाहीत गणिताचंही नीट झालं. भागाकार न येणारे बावीस होते, ते नऊ उरले. दोन तासिका कमी घेऊन. त्या नऊ जणांना मार्चपर्यंत मी सोडणार नाही. मंगलीचा भागाकार अजून हळू आहे, पण रीत तिची स्वतःची असते.

मग सरांनी तुला बाजूला बोलावलं. मी चहाचे कप लावत होते, मुद्दाम तिथेच लावत होते. सर म्हणाले, "मॅडम, पुढच्या सत्रात या ना. आठवड्याला दोन तासिका तं नक्की देऊ." आणि तू म्हणालीस, "दोन तासिकांसाठी नाही येणार सर. चार लागतात. मुलांचा हात तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच. आणि वेळापत्रकावर लेखी पाहिजे." आवाज न चढवता. मागच्या वर्षी तुझी तासिका कापली तेव्हा तू भांडली नाहीस, कारण तुला वाटलं होतं की तुझ्या बाजूनं कोणी नाही. यावेळी तू एकटीच उभी होतीस आणि तरी चार मागितल्या. खुशबू, मी हातातला कप खाली ठेवला. स्वतःची नेमणूक झाली तेव्हाही मला इतका अभिमान वाटला नव्हता.

काल सरांनी मला पुढच्या सत्राचं वेळापत्रक करायला बसवलं. सोबत त्याची प्रत जोडली आहे, शिक्का आणि सहीसकट. गणित सात, चित्रकला चार. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळच्या सलग दोन-दोन, कारण रंग वाळायला वेळ लागतो हे मला आता कळतं. सकाळचा भागाकाराचा अर्धा तास वेगळा, तो माझा. निदेशकाचा प्रस्ताव पंचायत समितीत गेला आहे. त्यावर समितीचे अध्यक्ष म्हणून खेमराज पटले यांची सही आहे. मंजुरी केव्हा येईल ते सांगता येत नाही, पण मी दर सोमवारी विचारायला जाते. सातवीतली तेरा मुलं यंदा तयारीला बसली आहेत.

आलीस तर माझ्याशी बोललंच पाहिजे असं नाही. स्टाफरूममध्ये खिडकीजवळची खुर्ची रिकामी आहे.

सही करण्याआधी सरांनी पेन हातात धरून विचारलं होतं, "मॅडम, गणित पुन्हा सातावर नेऊन राहिल्या तुम्ही. उद्या निकाल खाली आला तर?"

मी म्हटलं, "तर मला विचारा सर. चित्रकलेला विचारू नका."

चेतना